रोटरी इंजिनाच्या थरांना डोवेल पिनचा आधार

पिस्टनच्या इंजिनात सिलिंडर आणि क्रँकशाफ्टच्या बेअरिंगची बैठक बहुधा एकाच ओतीव ब्लॉकमध्ये असते. त्यामुळे ज्वलनाचा धक्का पिस्टनमार्गे शाफ्टवर येतो आणि तिथून त्याच ब्लॉकच्या धातूत जिरतो. पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरवणाऱ्या रोटरी इंजिनाला असा ब्लॉकच नसतो. फेलिक्स वँकेल यांचे पहिले प्रायोगिक इंजिन १९५७ मध्ये जर्मनीतील एनएसयू कंपनीत चालले आणि पुढे जपानच्या माझ्दा कंपनीने हा प्रकार सर्वांत चिकाटीने विकसित केला. पण थरावर थर रचून इंजिन उभे करायचे, ही त्याची मूळ बांधणी कायम राहिली. टर्बोचा (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याचा) दाब वाढवत नेणाऱ्यांना शेवटी त्रास होतो तो याच बांधणीमुळे.

माझ्दाच्या दोन रोटरच्या १३बी इंजिनात पाच थर आहेत. पुढची, मधली आणि मागची अशा बिडाच्या तीन प्लेटा असतात आणि त्यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची दोन रोटर हाउसिंग, म्हणजे रोटर ज्यांत फिरतात ती कवचे, असतात. या सगळ्यांतून आरपार जाणारे १८ लांब बोल्ट त्यांना आवळून धरतात. बोल्टांची भोके मात्र बोल्टांपेक्षा थोडी मोठी असल्यामुळे थर बाजूला सरकू नयेत हे काम बोल्टांचे नाहीच. ते काम आवळण्यातून निर्माण होणाऱ्या घर्षणाचे आणि प्रत्येक सांध्यात बसवलेल्या दोन पोकळ डोवेलांचे (थर जागेवर रोखणाऱ्या छोट्या नळ्यांचे) असते. नाण्यांची चळत वरून घट्ट दाबली तर ती बाजूच्या धक्क्यालाही बऱ्यापैकी दाद देत नाही, परंतु धक्का एका मर्यादेपलीकडे गेला की मधले एखादे नाणे हलतेच.

हा बाजूचा धक्का येतो कुठून, ते नीट पाहण्यासारखे आहे. स्पार्क प्लगजवळ पेटलेला वायू एकीकडे रोटरला ढकलतो आणि तितक्याच जोराने विरुद्ध दिशेला हाउसिंगच्या भिंतीला ढकलतो. रोटरवरचा जोर शाफ्टवर जातो, आणि शाफ्टची मुख्य बेअरिंग असतात पुढच्या व मागच्या प्लेटमध्ये. म्हणजे प्लेटांना एका दिशेने आणि त्यांच्यामधल्या ॲल्युमिनियमच्या थराला उलट दिशेने रेटा बसतो, आणि हे दोन रेटे एकमेकांना भेटतात ते केवळ थरांच्या सांध्यावर. पिस्टनच्या इंजिनात जी साखळी धातूच्या आत पूर्ण होते, ती इथे घासून सपाट केलेल्या दोन पृष्ठभागांमधल्या घर्षणावर पूर्ण होते. माझ्या मते डोवेलांचा सगळा विषय या एका वाक्यात आहे.

रेटा किती मोठा असतो, याचा ढोबळ हिशेब करता येतो. १३बीच्या रोटरची त्रिज्या १०५ मिलिमीटर आणि रुंदी ८० मिलिमीटर असल्यामुळे त्याच्या एका बाजूचे क्षेत्रफळ सुमारे १४५ चौरस सेंटिमीटर भरते. त्यावर ज्वलनाचा दाब ६० बार धरला, तर जोर होतो सुमारे ८७ किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ नऊ टनांचे वजन. तो हाउसिंगच्या दोन्ही बाजूंच्या सांध्यांवर सारखा वाटला गेला असे मानले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ४४ किलोन्यूटन येतात. आता प्रत्येक बोल्टचा ताण १७ किलोन्यूटन आणि घर्षणांक ०.१५ धरला, तर एका सांध्याचे घर्षण ४६ किलोन्यूटनांपर्यंत तग धरते. हे आकडे गृहीत धरलेले आहेत, प्रत्येक इंजिनात ते बदलतील. परंतु दोन संख्या किती जवळ आहेत हे महत्त्वाचे. बूस्ट (टर्बोचा दाब) वाढवून ज्वलनाचा दाब ८० बारवर नेला की सांध्यावरचा रेटा ५८ किलोन्यूटन होतो आणि घर्षण अपुरे पडते. शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक रोटरचे एक ज्वलन होत असल्यामुळे मिनिटाला ८,००० फेऱ्यांवर हा धक्का प्रत्येक हाउसिंगला सेकंदाला सुमारे १३३ वेळा बसतो.

घर्षण अपुरे पडले म्हणून इंजिन लगेच फुटत नाही. थर केसाच्याही अंशाने सरकतात आणि परत येतात. इंजिन उघडल्यावर सांध्यांच्या पृष्ठभागावर, विशेषतः ज्वलनाच्या बाजूला, घासल्याचे काळपट-तांबूस डाग दिसतात. पाणी अडवणाऱ्या रबरी सीलांच्या खाचांजवळ ते दिसले तर काळजी करावी. घर्षणाने न पेललेला भार मग त्या दोन डोवेलांवर पडतो. गिअरबॉक्स मागच्या प्लेटला जोडलेला असल्याने पिळाचा भारही तिच्यावर येतो, आणि जास्त शक्तीच्या इंजिनांत याच प्लेटला डोवेलच्या भोकाजवळ तडा जातो. तेल गळू लागले की तो तडा लक्षात येतो.

यावरचा उपाय म्हणजे संपूर्ण चळतीत ठरावीक जागी नवी भोके पाडून, ती रीमरने अचूक मापाला आणून, त्यांत कडक पोलादाच्या भरीव डोवेल पिना बसवणे. पिना बोल्टांप्रमाणे आवळत नाहीत, त्या आडवा भार थेट अंगावर घेतात. साधारण ५०० अश्वशक्तीच्या पुढे जायचे असेल तेव्हा अनुभवी इंजिन बांधणारे याचा विचार सुरू करतात. काही जण त्याऐवजी बोल्टांची भोके मोठी करून त्यांत नेमके बसणारे जाड स्टड घालतात, म्हणजे तोच दांडा आवळतोही आणि अडवतोही. मात्र हे दांडे पाण्याच्या वाटेतून जात असल्यामुळे तिथली मोकळी जागा थोडी कमी होते.

पिना जितक्या जास्त तितके बरे, असे मात्र नाही. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. एकमेकींपासून २०० मिलिमीटरवर असलेल्या दोन पिनांचे उदाहरण घेऊ. तापमान ८० अंशांनी वाढले की हाउसिंगला बिडापेक्षा सुमारे ०.१९ मिलिमीटर अधिक फुगायचे असते, आणि पिना ते होऊ देत नाहीत. दुसरीकडे, १२ मिलिमीटरच्या पिनेभोवतीचे ॲल्युमिनियमचे भोक तेवढ्याच उष्णतेने पिनेपेक्षा सुमारे शतांश मिलिमीटर जास्त मोठे होते. त्यामुळे गार असताना घट्ट वाटणारी पिन गरम इंजिनात सैल होऊ शकते. म्हणून जागांची निवड पिनांच्या संख्येपेक्षा महत्त्वाची ठरते: रेटा जास्त असलेल्या ज्वलनाच्या बाजूला आधार हवा, पण भोक पाण्याच्या पोकळीत किंवा सीलच्या खाचेत उतरता कामा नये.

डोवेलांमुळे नॉकिंग, म्हणजे इंधनाचा अवेळी होणारा भडका, थांबत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. इंधन हलक्या प्रतीचे असेल किंवा ठिणगी फार लवकर पडत असेल, तर दाबाचा झटका रोटरच्या टोकावरची एपेक्स सील आधी मोडतो. तिथे कितीही पिना असल्या तरी उपयोग नाही. शिवाय पिना बसवलेले थर एकमेकांशी जोडीने बांधले जातात. त्यांतले एखादे हाउसिंग खराब झाले, तर दुकानातून आणलेले नवे हाउसिंग तसेच बसत नाही; त्यालाही त्याच जिगवर (भोकांची जागा ठरवणाऱ्या साच्यावर), त्याच जागी भोके पाडून घ्यावी लागतात.