दौऱ्याची फटफटी आणि वेगाची फटफटी (ग्रामीण विदर्भ)

मोटारसायकलींचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. एक गाडी सामानासकट लांबचा पल्ला गाठते आणि चालवणाऱ्याला दमवत नाही. दुसरी झटक्यात वेग घेते आणि वळणावर झुकून निघते. पहिलीला टूरिंग आणि दुसरीला परफॉर्मन्स बाइक म्हणण्याची रीत आहे. विदर्भाच्या खेड्यांत पूर्वी दोघींनाही फटफटीच म्हणत, आणि 'टूर' म्हणजे दौरा: तलाठ्याचा, ग्रामसेवकाचा, गुरांच्या डॉक्टरचा, बियाणे-खते विकणाऱ्याचा. इथली जुनी टूरिंग गाडी हौसेने भटकायला घेतलेली नव्हती. ती नोकरीची आणि शेतीची गाडी होती, आणि तिचा इतिहासही तसाच वाचावा लागतो.

मुळात हा भेदच उशिराचा आहे. आयल ऑफ मॅन बेटावर १९०७ मध्ये सुरू झालेल्या प्रसिद्ध शर्यतीचे नाव 'टूरिस्ट ट्रॉफी'. रोजच्या रस्त्यावरच्या प्रवासी गाड्यांची ती शर्यत होती, आणि पहिल्या वर्षी एका सिलिंडरच्या गटात जिंकलेल्या मॅचलेसची सरासरी तासाला साधारण ६१ किलोमीटर पडली. प्रवासाची गाडी आणि शर्यतीची गाडी तेव्हा एकच. वाटा खऱ्या अर्थाने फुटल्या त्या १९७० नंतर. होंडाची चार सिलिंडरची, पाण्याने थंड होणारी गोल्ड विंग १९७५ च्या सुमारास बाजारात आली आणि पुढे आरामखुर्चीसारखी फुगत गेली. दुसऱ्या वाटेने १९८४ ची कावासाकी जीपीझेड ९०० आर आणि १९८५ ची सुझुकी जीएसएक्स-आर ७५० गेल्या. या दोन्ही जातींपैकी एकीचेही त्या काळात विदर्भातल्या रस्त्यांवर काही काम नव्हते.

फरकाचे मूळ इंजिनाच्या मापात आहे. जुन्या ३५० सीसी बुलेटचा बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ९० मिलिमीटर. पिस्टनला लांब खालीवर जावे लागते, म्हणून इंजिन फार फिरवता येत नाही. पण जड फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या चाकाच्या, जोरावर ते कमी फेऱ्यांतही ओढत राहते. केटीएमच्या पहिल्या ३९० ड्यूकमध्ये माप उलटे आहे: बोअर ८९, स्ट्रोक ६०. बुलेटचा पिस्टन मिनिटाला ५,००० फेऱ्यांना ज्या सरासरी वेगाने पळतो, तोच वेग ड्यूकच्या पिस्टनला गाठायला ७,५०० फेऱ्या लागतात. ताकद साधारण १८ आणि ४३ अश्वशक्ती. कागदावर निकाल लागलाच. पण मागे सरकी ढेपेचे पोते बांधून, पांदण रस्त्याने, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये क्लच न जाळता जायचे असेल तर तो निकाल फिरतो.

रॉयल एन्फील्डची बुलेट भारतात लष्कराच्या मागणीमुळे रुजली. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एन्फील्ड इंडिया स्थापन झाली. इंग्लंडमधला मूळ कारखाना पुढे बंद पडला, मद्रासचा चालू राहिला. म्हणून साहेबाच्या देशात संग्रहालयात गेलेली गाडी इथे रोज किक खात होती. आधी अँपिअर मीटरचा काटा बघायचा, मग डिकॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडण्याचा, खटका दाबून पिस्टन जागेवर आणायचा, आणि मग किक. चुकले तर किक उलटी बसते. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. बुलेटवर मुरलेला माणूस दुसऱ्याच्या गाडीवर बसला की गिअर समजून ब्रेक दाबी. खेड्यातल्या मिस्त्रीला मात्र ही गाडी पुस्तकासारखी उघडी होती: पाइंट घासा, टॅपेट पान्याने बसवा, टायमिंग लावा, झाले.

१९९० च्या दशकातली ३२५ सीसीची डिझेल बुलेट 'टॉरस' याच वाटेवरचे टोक. ताकद साडेसहा अश्वशक्ती, म्हणजे वेगाचे नावच नको. पण विहिरीवरच्या इंजिनाचे डिझेल तिला चालत होते. शेतकऱ्याच्या हिशेबात यापेक्षा शहाणी टूरिंग गाडी झाली नाही, असे म्हणायला हरकत नाही.

टू-स्ट्रोकवाल्यांत पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घेतलेली एस्कॉर्ट्सची राजदूत आणि म्हैसूरची येझदी या दणकट. राजदूत दूधवाल्याच्या कॅनशिवाय डोळ्यासमोर येत नाही. येझदीचा गिअर-दांडाच वर वळवला की किक होई. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायचे, आणि घोळ तिथेच. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढून गेल्यावर उतरताना ॲक्सिलरेटर बंद ठेवला, तर पेट्रोल थांबते आणि त्याबरोबर ऑइलही. तापलेला पिस्टन चिकटतो. जाणकार म्हणून उतारावर मधूनमधून मूठ पिळत. बुलेटचे ऑइल वेगळे, म्हणून तिला ही भीती नाही. शिवाय तिचे इंजिनच गाडी आवळून धरते. तिच्या ड्रम ब्रेकचा भरवसा नसल्याने ते बरेच आहे.

वेगाची चटक गावोगाव लावली ती यामाहा आरएक्स १०० ने. १९८५ ते १९९६ अशी तिची कारकीर्द. ९८ सीसीत ११ अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या आसपास. लिटरमागे ताकद काढली तर ती पहिल्या ३९० ड्यूकच्या जवळपास भरते! टू-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेरीला पेट घेते, फोर-स्ट्रोक एकाआड एक. त्या दुप्पट ठिणग्यांची ही किमया. त्याच सुमारास आलेली ३४७ सीसीची राजदूत ३५०, म्हणजे यामाहाची आरडी, हिच्याहून किती तरी जोरकस; पण पेट्रोल पिण्यात अट्टल, त्यामुळे खेड्यात तिच्याबद्दल बोलणारे जास्त आणि ठेवणारे कमी. पुढे २००१ ची पल्सर, २००८ ची आर १५ आणि २०१२ ची ड्यूक २०० यांनी वेग हप्त्यांवर आणून दिला.

या वेगाच्या गाड्यांना विदर्भात दोन गोष्टी नडतात. पहिली म्हणजे ऊन. १५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांना हवा सुमारे दहा टक्क्यांनी विरळ होते, तेवढाच इंजिनाचा घासही लहान. त्यात इंजिनही तापते, आणि तिथे रेडिएटर कामाला येतो. या बाबतीत नवी गाडी जुनीहून सरस, पण उघड्या मांडीवर येणारी झळ वेगळी. दुसरी म्हणजे काळी माती. पावसाळ्यात पांदणीतला गारा टायर आणि मडगार्डच्या फटीत बसतो आणि चाक फिरायचे थांबते. १७ इंची चाकाला चिकटून मडगार्ड असलेली गाडी अशा ठिकाणी काडीने खरवडत बसावी लागते. बुलेटचे जुने १९ इंची चाक जरा पुढे जाते, इतकेच.

२००८ नंतर बुलेटचे बिडाचे इंजिन मागे पडून इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच पेटीत आले. गिअर त्याआधीच डाव्या पायात गेला होता. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले आणि कार्बोरेटरही गेला. आता बिघाड झाला की संगणक जोडावा लागतो, आणि तो तालुक्याला असेलच असे नाही. उलट बाजूने वेगवाल्यांनी उंच, लांब पल्ल्याच्या ॲडव्हेंचर गाड्या काढल्या, आणि एन्फील्डने २०१६ मध्ये २१ इंची पुढचे चाक असलेली हिमालयन आणली. फुटलेल्या वाटा अशा पुन्हा एकमेकींकडे वळल्या आहेत.

समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. मोटारींना तिथे ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, दुचाकींना प्रवेशच नाही. त्यामुळे विदर्भातून मराठवाड्याकडे निघालेली ड्यूक आणि तिच्या आजोबांच्या वयाची बुलेट अजूनही मेहकर, सिंदखेडराजा, जालना अशा जुन्याच रस्त्याने, कापसाच्या ट्रॉल्यांमागून जातात.