जरीपटका, मुलचेरा आणि २५ मार्च १९७१

५ ऑगस्ट २०२४ रोजी शेख हसीना यांना ढाका सोडावे लागले आणि पुढच्या काही दिवसांत भारतात येऊ पाहणाऱ्या हिंदू कुटुंबांची उत्तर बंगालच्या सीमेवर गर्दी झाली. सीमा सुरक्षा दलाने त्यांना तिथेच थोपवले. नागपुरात ही बातमी दूरची म्हणून वाचली गेली असेल, पण गडचिरोली जिल्ह्यात मुलचेरा आणि चामोर्शी परिसरातील बंगाली वस्त्यांना ती दूरची नव्हती, कारण तिथल्या जुन्या पिढीने हीच सीमा ओलांडली होती. शेजारचा देश अस्थिर झाला की माणसे घर सोडून येतात. ती राहणार की परतणार हे मात्र दोन सरकारांच्या वाटाघाटींवर ठरते. भारतात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही आणि १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर भारताची सही नाही, त्यामुळे या वाटाघाटींना आपल्याकडे विशेष वजन येते.

त्यातला पहिला मोठा टप्पा म्हणजे ८ एप्रिल १९५० चा नेहरू-लियाकत करार. त्या वर्षाच्या सुरुवातीला पूर्व बंगालात झालेल्या दंगलींनंतर दोन्ही बाजूंनी लोंढे सुरू झाले होते. दोन्ही देशांनी आपापल्या अल्पसंख्याकांना समान नागरिकत्वाची हमी द्यावी, अल्पसंख्याक आयोग नेमावेत, सक्तीची धर्मांतरे मानू नयेत आणि ३१ डिसेंबर १९५० पर्यंत परतणाऱ्यांना त्यांची घरे-जमिनी परत मिळाव्यात, असे ठरले. कराराचा सगळा भर लोकांनी मागे फिरावे यावर होता. श्यामाप्रसाद मुखर्जी आणि क्षितीशचंद्र नियोगी यांनी या कराराच्या निषेधार्थ केंद्रीय मंत्रिमंडळ सोडले. ऑक्टोबरमध्ये पाकिस्तानचे कायदामंत्री जोगेंद्रनाथ मंडल यांनीही राजीनामा दिला आणि ते कोलकात्याला आले. नागपूरच्या वाचकाला हे नाव परके नसावे: १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बंगालमधून संविधान सभेवर निवडून गेले, ते मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाठबळावर. ज्या पाकिस्तानवर मंडल यांनी विश्वास टाकला होता, तिथे आपला नमःशूद्र हा बंगाली दलित समाज सुरक्षित नाही असे खुद्द त्यांनाच लिहावे लागले, आणि कराराच्या मर्यादा त्यातून पुरेशा स्पष्ट झाल्या.

या कराराचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. पश्चिम पाकिस्तानातून आलेल्यांबाबत दिल्लीने परतीची आशा लवकरच सोडली आणि १९५४ च्या विस्थापित व्यक्ती (नुकसानभरपाई व पुनर्वसन) कायद्याने त्यांना मागे राहिलेल्या मालमत्तेपोटी भरपाई मिळाली. नागपूरच्या जरीपटक्यात वसलेला सिंधी समाज याच व्यवस्थेत मोडतो. पूर्वेकडून आलेल्यांना मात्र ती भरपाई नव्हती, कारण करारानुसार त्यांची जमीन कागदोपत्री अजूनही त्यांचीच होती. फाळणी एकच, पण उत्तर नागपुरातील निर्वासिताच्या हाती दाव्याचा कागद आला आणि खुलना किंवा बारिसालहून निघालेल्याच्या हाती फक्त सीमेवर मिळणारी ‘बॉर्डर स्लिप’. माझ्या मते पुढच्या साठ वर्षांतल्या विषमतेचे मूळ इथेच आहे.

ऑक्टोबर १९५२ मध्ये पासपोर्टची पद्धत सुरू होणार म्हटल्यावर दार बंद होण्याच्या भीतीने आणखी लोक आले. जानेवारी १९६४ मध्ये हजरतबल प्रकरणाचे, म्हणजे श्रीनगरच्या दर्ग्यातील पवित्र केस नाहीसा झाल्याचे, पडसाद खुलना आणि ढाक्यात उमटले तेव्हा मोठी लाट आली. पश्चिम बंगालने जागा नसल्याचे सांगितले होते. पूर्व बंगालच्या निर्वासितांना मध्य भारतातील जंगलपट्ट्यात वसवणारा दंडकारण्य प्रकल्प १९५८ पासून सुरू होताच. हावडा मार्गावर रायपूरजवळच्या माना छावणीतून कुटुंबे बस्तर आणि कोरापुटकडे नेली गेली, आणि काही तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आली, ज्यातून १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा झाला. पाण्याच्या मुलखातील शेतकऱ्यांना साग-मोहाच्या जंगलात वसवले गेले, आणि ज्या गोंड-माडियांचे ते रान होते त्यांना कोणी विचारले नाही. अनुसूचित जातींची यादी राज्यनिहाय असल्याने पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित असलेला नमःशूद्र महाराष्ट्रात त्या यादीबाहेर राहिला.

२५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली, आणि वर्षअखेरपर्यंत निर्वासितांचा आकडा सुमारे एक कोटीवर गेला. या वेळी भारताची भूमिका १९५० पेक्षा वेगळी होती: हे लोक तात्पुरते आले आहेत, ते परत जातील, पण तिथे परतण्याजोगी परिस्थिती निर्माण झाल्यावरच. याह्या खान यांनी परतणाऱ्यांचे स्वागत असल्याचे जाहीर करून स्वागत केंद्रे उघडली, तिथे फारसे कोणी फिरकले नाही. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट यांनी जुलैमध्ये सीमेच्या दोन्ही बाजूंना निर्वासित उच्चायुक्तालयाचे प्रतिनिधी ठेवण्याचे सुचवले. भारताने ते नाकारले, कारण ते मानले असते तर पूर्व बंगालच्या जनतेवरील अत्याचारांचा प्रश्न भारत-पाकिस्तानचा सीमातंटा होऊन बसला असता. ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी मैत्री करार झाला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इंदिरा गांधी युरोप आणि अमेरिकेचा दौरा करून आल्या, पण वॉशिंग्टनमध्ये निक्सन बधले नाहीत. डिसेंबरच्या युद्धानंतर मात्र छावण्या झपाट्याने रिकाम्या झाल्या आणि १९७२ च्या मार्चअखेर जवळजवळ सर्वजण परतले. ज्या राजवटीने त्यांना हाकलले ती गेली होती, म्हणून हे घडले. १९५० मध्ये तसे काहीच बदलले नव्हते.

तेव्हापासून २५ मार्च १९७१ ही तारीख सीमारेषेइतकीच ठाम झाली. १९८५ च्या आसाम करारात त्या दिवसापासून पुढे आलेल्यांना परकीय ठरवणारी मर्यादा म्हणून तीच आली. २०१९ च्या नागरिकत्व सुधारणा कायद्याने तिच्या जोडीला शेजारी देशांतून आलेल्या बिगरमुस्लिम अल्पसंख्याकांना नागरिकत्व देण्यासाठी ३१ डिसेंबर २०१४ ही नवी तारीख आणली, आणि त्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी लागू झाले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सीमेवर उभ्या राहिलेल्यांसाठी यातली कोणतीच तारीख उपयोगाची नव्हती. ९ डिसेंबर २०२४ रोजी परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी ढाक्यात अल्पसंख्याकांच्या सुरक्षिततेचा विषय काढला, तेव्हा हा बांगलादेशचा अंतर्गत प्रश्न असल्याचे उत्तर मिळाले. १९५० च्या करारात एकमेकांच्या अल्पसंख्याकांविषयी विचारण्याची सोय तरी लेखी होती, दंगलग्रस्त भागात दोन्ही देशांचे मंत्री पाठवण्याचे त्यात ठरले होते. आज दिल्लीला तो विषय प्रत्येक भेटीत नव्याने काढावा लागतो.