किरणोपचार

किरणोपचार : (प्रारण चिकित्सा, रेडिओथेरपी). आयनीकारक (अणूतील इलेक्ट्रॉन बाहेर काढू शकणाऱ्या) किरणांनी कर्कपेशी नष्ट करण्याची उपचारपद्धती. क्ष-किरण, गॅमा किरण, इलेक्ट्रॉन आणि अलीकडे प्रोटॉन यांचा तीत उपयोग करतात. किरणांमुळे पेशीतील डीएनएचे दोन्ही धागे तुटतात. निरोगी पेशी ही हानी बऱ्याच अंशी भरून काढते, कर्कपेशीला ते तितकेसे साधत नाही. बोलीत यालाच ‘लाईट घेणे’ किंवा ‘शेक घेणे’ म्हणतात.

पहिला किरणोपचार कोणी केला याविषयी मतभेद आहेत. रंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध नोव्हेंबर १८९५ मध्ये लागला. जानेवारी १८९६ मध्येच शिकागो येथे स्तनाच्या कर्करोगावर आपण हे किरण वापरले, असे एमिल ग्रुबे यांनी म्हटले आहे. मात्र या दाव्याची भिस्त मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या, बऱ्याच वर्षांनंतरच्या कथनावर आहे. त्या मानाने फ्रान्समधील लिआँचे व्हिक्टर देस्पेन्य यांचा जठराच्या कर्करोगावरील प्रयोग १८९६ च्या उन्हाळ्यातच छापून आला होता, म्हणून अग्रक्रम त्यांच्याकडे जाणे अधिक सयुक्तिक वाटते. रुग्ण मात्र वाचला नाही. व्हिएन्नाचे लिओपोल्ड फ्रॉइंड यांचे नावही पुष्कळदा घेतले जाते, पण त्यांनी उपचार केला तो केसाळ जन्मखुणेवर. त्वचेचा कर्करोग किरणांनी बरा झाल्याची पहिली उदाहरणे स्वीडनमध्ये १८९९ च्या सुमारास आढळतात.

या वादापेक्षा महत्त्वाचा ठरला तो मात्रा विभागून देण्याचा विचार. पॅरिस येथे क्लॉद रेगो यांनी मेंढ्यांच्या वृषणांवर प्रयोग केले. एकाच मोठ्या मात्रेने शुक्रजनन थांबवायचे तर वरची त्वचा जळे; मात्रा हप्त्याहप्त्याने दिल्यास शुक्रजननही थांबे आणि त्वचा शाबूत राही. १९२० नंतरच्या दशकात आंरी कुतार यांनी घशाच्या कर्करोगात हे तत्त्व वापरले. आजही मुख व घशाच्या कर्करोगात साधारण ६० ते ७० ग्रे मात्रा, दररोज २ ग्रे याप्रमाणे, आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे देतात. (१ ग्रे म्हणजे एक किलोग्रॅम ऊतकात शोषली गेलेली १ जूल ऊर्जा. अमेरिकेला निघालेल्या हापूसला किडीच्या बंदोबस्तासाठी किमान ४०० ग्रे मात्रा देतात. त्याने आंबा किरणोत्सर्गी होत नाही; बाहेरून किरण घेतलेला रुग्णही होत नाही, त्यामुळे घरातल्या लहान मुलांना त्याच्यापासून दूर ठेवण्याचे कारण नाही.)

कोबाल्ट-६० वर चालणारी उपचारयंत्रे कॅनडात १९५१ मध्ये सुरू झाली. या समस्थानिकाचे अर्धायुष्य सुमारे ५·२७ वर्षे असल्याने स्रोत दरमहा साधारण एक टक्क्याने क्षीण होतो आणि तेवढीच मात्रा द्यायला अधिक वेळ लागतो. रेषीय त्वरित्राचे (विजेने इलेक्ट्रॉनांना वेग देऊन किरण निर्माण करणाऱ्या यंत्राचे) किरण अधिक भेदक, कडेला अधिक रेखीव असतात; पण त्याला अखंड वीज व निष्णात देखभाल लागते. पावसाळ्यात वीज जाणे नित्याचे असलेल्या भागात कोबाल्ट यंत्र अजून कालबाह्य म्हणता येणार नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले ‘भाभाट्रॉन’ याच जातीचे.

कोकणात मशेरी व तंबाखूमुळे मुखाच्या कर्करोगाचा प्रश्न मोठा आहे. अशा रुग्णाचे किडके दात आधी काढतात, कारण किरण मिळालेल्या जबड्यात नंतर दात काढल्यास जखम सहजी भरत नाही व हाड सडू शकते. मग गरम पाण्यात मऊ केलेली जाळीदार प्लॅस्टिकची पट्टी चेहऱ्यावर ताणून बसवतात. ती निवल्यावर मुखवटा तयार होतो व डोके रोज त्याच जागी राहते. प्रत्यक्ष किरण घेताना काही जाणवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटते, लाळ आटते. तिरफळ घातलेली आमटी, सोलकढी झोंबू लागते आणि रुग्ण पेजेवर येतो.

नेमक्या याच टप्प्यावर उपचार अर्धवट सोडण्याकडे कल होतो. गणपतीला घरी जाऊन येतो, असे सांगून गेलेला रुग्ण परततोच असे नाही. सुमारे चौथ्या आठवड्यानंतर उरलेल्या कर्कपेशी झपाट्याने वाढू लागतात. मुख व घशाच्या कर्करोगात खंडाच्या प्रत्येक दिवसागणिक रोग आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते, असे मानतात.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरील किरणांच्या जोडीला इरिडियम-१९२ चा स्रोत नळीवाटे थेट रोगस्थानी नेतात.

मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. त्याच्याशी संलग्न असलेल्या खारघर (जि. रायगड) येथील केंद्रात २०२३ पासून प्रोटॉन किरणोपचारही होतात. चिपळूणजवळ डेरवण येथील वालावलकर रुग्णालयात कर्करोगावरील उपचारांची सोय आहे. सिंधुदुर्गातील पुष्कळ रुग्ण गोवा किंवा घाट चढून कोल्हापूर गाठतात. रोग हाडांत पसरल्यावर केवळ वेदनाशमन साधायचे असेल, तर ८ ग्रे मात्रा एकाच बैठकीत देतात. वेदना कमी होण्याच्या दृष्टीने ती अनेक हप्त्यांइतकीच उपयोगी आढळली आहे, फक्त पुन्हा किरण देण्याची गरज काहीशी अधिक वेळा पडते. लांबून येणाऱ्या रुग्णासाठी हीच पद्धत सोयीची.