वापरलेल्या अणुइंधनाच्या साठवणीतील न्यूट्रॉन शोषकांचे क्षरण

अणुभट्टीतून काढलेले इंधन खोल पाण्याच्या टाकीत रॅकवर उभे ठेवतात. त्या रॅकमध्ये बसवलेले, न्यूट्रॉन शोषणारे बोरॉनयुक्त तक्ते पाणी, उष्णता आणि गॅमा प्रारण यांमुळे काळानुसार खराब होतात, त्या प्रक्रियेविषयीची ही नोंद आहे.

वापरलेल्या इंधनातही विखंडनक्षम, म्हणजे न्यूट्रॉनच्या आघाताने अणुकेंद्र फुटू शकणारे, युरेनियम व प्लुटोनियम उरलेले असते. पाणी न्यूट्रॉनांचा वेग कमी करते आणि मंद न्यूट्रॉन अणुकेंद्रे अधिक सहज फोडतात, त्यामुळे इंधनाच्या जुड्या फार जवळ आल्या तर साखळी विक्रिया पुन्हा सुरू होऊ शकते. सुरुवातीला जुड्यांमध्ये ऐसपैस अंतर ठेवून हा धोका टाळला जाई. पुढे अमेरिकेत इंधनाची पुनर्प्रक्रिया थांबली, टाक्या भरत गेल्या आणि त्याच जागेत जुड्या दाटीने ठेवाव्या लागल्या. अंतर करत होते ते काम तक्त्यांवर आले. नैसर्गिक बोरॉनमध्ये बोरॉन-१० हा समस्थानिक सुमारे २० टक्के असतो आणि मंद न्यूट्रॉन तोच गिळतो.

भारतात १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांचे इंधन समृद्ध (विखंडनक्षम अंश वाढवलेल्या) युरेनियमचे असल्याने तेथे हा विचार करावा लागतो. जडपाणी भट्ट्यांचे नैसर्गिक युरेनियम साध्या पाण्यात साखळी विक्रिया टिकवूच शकत नाही.

बोरल हा सर्वाधिक वापरला गेलेला तक्ता. बोरॉन कार्बाइड व ॲल्युमिनियम यांच्या भुकटीचा गाभा आणि दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा पत्रा, अशी त्याची घडण. गाभा सच्छिद्र असतो आणि कडा उघड्या असतात. कडांतून पाणी आत झिरपते, ॲल्युमिनियमशी त्याची विक्रिया होऊन हायड्रोजन तयार होतो आणि बाहेर पडायला वाट न मिळाल्यास पत्रा फोडासारखा फुगतो. बोरॉन कार्बाइड मात्र पाण्यात जवळजवळ अबाधित राहते. म्हणून धातू किती गंजला यापेक्षा बोरॉन जागेवर आहे का, आणि फुगवट्याने शेजारचे पाणी किती हटवले, हे प्रश्न महत्त्वाचे. जेथे दोन तक्त्यांमधल्या पाण्याच्या थरावरही सुरक्षेची गणिते अवलंबून असतात, तेथे तो फुगवटा दुर्लक्षून चालत नाही. क्लोराइडचा अंश किंवा स्टेनलेस स्टीलशी संपर्क असेल तर पत्र्याला बारीक खड्डेही पडतात.

बोराफ्लेक्सची गोष्ट वेगळी आणि अधिक गंभीर. हे बोरॉन कार्बाइड मिसळलेले सिलिकॉन रबर. गॅमा प्रारणाने ते आधी कडक होऊन आक्रसते व त्यात फटी पडतात. नंतर रबराच्या बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) लांब साखळ्या तुटून सिलिका पाण्यात उतरते आणि तिच्याबरोबर बोरॉन कार्बाइडचे कणही सुटतात. टाकीच्या पाण्यातली वाढती सिलिका हीच त्याची पहिली खूण. १९९६ मध्ये अमेरिकी अणुनियामक आयोगाने याविषयी वीजकेंद्रांना पत्र पाठवले. २००८ मध्ये मिशिगनमधील पॅलिसेड्स केंद्रात कार्बोरंडम या आणखी एका प्रकारच्या शोषक तक्त्यांतही अपेक्षेपेक्षा कमी बोरॉन आढळले.

तक्ते पोलादी आवरणात दडलेले असल्याने डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून त्याच पदार्थाच्या लहान नमुना-पट्ट्या टाकीत टांगून ठरावीक काळाने तपासतात, किंवा न्यूट्रॉनांचा स्रोत व गणक रॅकमध्ये उतरवून जागीच मोजमाप घेतात. इलिनॉयमधील झायन केंद्र १९९८ मध्ये बंद झाले. तेथील रॅकमधून काढलेले बोरलचे खरे तक्ते पट्ट्यांशी ताडून पाहिले, तेव्हा खड्डे व फुगवटे दिसले, पण बोरॉन-१० शाबूत होते. सर्वच केंद्रांकडे अशा पट्ट्या नाहीत. २०१६ मध्ये आयोगाने पुन्हा पत्र पाठवून कोणता शोषक वापरला आहे आणि त्यावर लक्ष कसे ठेवले जाते, याची माहिती केंद्रांकडून मागवली.