माळाची जमीन म्हणजे ‘नुसता मुरूम’ नव्हे

‘माळावर माती नसते, नुसता मुरूम’ हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. दख्खनच्या बेसाल्टी माळरानावर ते अर्धवटच खरं आहे.

मातीचा पोत ठरतो तो फक्त २ मिमी चाळणीखाली पडलेल्या भागावर. खडे त्यात धरत नाहीत. तो भाग ओला करून अंगठ्याने दाबत पट्टी काढा. २.५ सेंमीच्या आत तुटली तर पोयटा, ५ सेंमीपर्यंत टिकली तर चिकण पोयटा. बऱ्याच माळांवर यांपैकीच काहीतरी निघतं.

खड्यांचं प्रमाण मात्र आकारमानाने मोजायचं, वजनाने नाही. इथेच घोळ होतो. वजनाने निम्मे खडे असले तरी खडा जड असल्याने आकारमानाने ते साधारण एक तृतीयांशच भरतात. १५ ते ३५ टक्के म्हणजे खडेयुक्त. ३५ च्या पुढे गेल्यावर मातीच्या शास्त्रीय वर्गीकरणात ‘स्केलेटल’ (खडेबहुल) हा शब्द लागतो. ५० सेंमीच्या आत अखंड कातळ लागला आणि वर थर नीट तयार झालेले नसले, तर त्या वर्गीकरणात ती बहुधा ‘लिथिक उस्टॉर्थेंट’, म्हणजे कातळावरची उथळ, कमी विकसित माती. कुदळीने खणता येणारा मुरूम मात्र कातळात धरत नाहीत.

माती परीक्षण अहवालातला अन्नद्रव्यांचा हेक्टरी किलोचा आकडाही जपून वाचावा. तो बहुधा १५ सेंमी थरात २२.४ लाख किलो माती धरून काढतात. एक तृतीयांश जागा खड्यांनी व्यापली असेल तर अन्नद्रव्यंही तेवढी कमी धरा.

आणि वरचे खडे सरसकट वेचू नका. थेंबांचा मार तेच झेलतात; ते गेले की पपडी धरते, पाणी मुरण्याऐवजी वाहतं.