विंड टनेलमधलं मॉडेल वायरीतून सुटलं कसं?

पणजीत आल्तिन्होवरून हवामान खात्याचा फुगा वर जातो आणि तापमान, दाब, आर्द्रता रेडिओवरून खाली कळवत राहतो. तंत्र जुनंच. फ्रान्समध्ये रोबेर ब्यूरो यांनी १९२९ साली, रशियात मोल्चानोव यांनी १९३० साली असे फुगे सोडले होते. मग विंड टनेलच्या, म्हणजे वारा सोडून विमानाचं मॉडेल तपासायच्या बोगद्याच्या, चार भिंतींतलं मॉडेल पुढे कित्येक दशकं आकडे बाहेर नेणाऱ्या वायरींना का बांधलेलं राहिलं? माझ्या मते, वायर लावता येत होती म्हणून! फुग्याला तो पर्यायच नव्हता.

इंग्लंडमध्ये वेनहॅम यांनी १८७१ साली पहिला विंड टनेल उभारला. राइट बंधूंनी १९०१ साली सायकलचे स्पोक आणि करवतीची पाती वापरून वाऱ्याचा जोर मोजणारा तराजू केला आणि पंखांचे दोनशेच्या आसपास आकार तपासले. पुढे हवेचा दाब मोजायला पंखाला बारीक भोकं पाडून प्रत्येकातून एक नळी बाहेर काढू लागले. बाहेर काचेच्या नळ्यांची रांग. त्यांतल्या द्रवाच्या पातळीचा फोटो घ्यायचा आणि मग तो बघून आकडे उतरवत बसायचं. १९३८ साली स्ट्रेन गेज, म्हणजे ताण पडला की विजेचा रोध बदलणारी बारीक तार, आला आणि तराजू मॉडेलच्या पोटात मावू लागला.

अडचण झाली ती इथेच. नळ्या आणि वायरी मॉडेलमधून त्याला धरून ठेवणाऱ्या मागच्या स्थिर दांडीकडे जातात, तेव्हा तराजूला वळसा घालून थोडा भार स्वतःच पेलतात. तेवढी मोजमापात खोट. शिवाय लांब नळीत दाब पोचायला वेळ लागतो, झटपट होणारे चढउतार वाटेतच विरतात. हेलिकॉप्टरच्या फिरत्या पात्यांवर तर वायर नेणंच कटकटीचं. फ्रान्समध्ये १९५० च्या दशकात चुंबकाच्या जोरावर मॉडेल अधांतरी ठेवलं गेलं. त्याला वायर जोडली तर अधांतरी कसलं?

चिप, छोट्या बॅटऱ्या, वायफाय, ब्लूटूथ आले तसा मार्ग मोकळा झाला, पण पूर्ण नाही. पोलादी मॉडेलच्या पोटातून रेडिओलहरी बाहेर पडत नाहीत, म्हणून अँटेनापुरता तुकडा प्लास्टिकचा ठेवावा लागतो. टनेलच्या लोखंडी भिंतींवरून लहरी उलट फिरून गोंधळ घालतात. त्यामुळे आकडे मॉडेलमधल्याच मेमरीत साठवायचे आणि वारा थांबल्यावर पाठवायचे, हाही एक उपाय. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या एखाद्या विद्यार्थ्याने थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकचं मॉडेल केलं, तर त्याला हा त्रास नाही. मात्र ध्वनीच्या वेगापुढच्या चाचण्यांना असलं प्लास्टिक सहसा टिकत नाही. तिथे पुन्हा पोलादच.