अब्रूनुकसानीच्या दाव्यातील खोटेपणा

अब्रूनुकसानीच्या दिवाणी दाव्यात पक्षकाराने जाणूनबुजून खोटी हकिकत मांडली, तर त्याचा भरपाईच्या रकमेवर आणि दाव्याच्या खर्चावर काय परिणाम व्हावा, या प्रश्नाचा इंग्लंडच्या न्यायालयांनी बारकाईने विचार केला आहे. खोटे उघड झाले म्हणून दावा आपोआप बुडत नाही. न्यायालय तो फेटाळू शकते, पण हा अधिकार अगदी अपवादानेच वापरावा, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये अपघात-भरपाईच्या एका प्रकरणात म्हटले. त्यामुळे खोटेपणाचा हिशेब बहुधा भरपाईत आणि खर्चात चुकता होतो.

याचे ठळक उदाहरण म्हणजे क्रेग राइट विरुद्ध पीटर मॅककॉर्मॅक. बिटकॉइनचा निर्माता सातोशी नाकामोतो आपणच, असे राइट यांचे म्हणणे होते आणि ते लबाडीचे असल्याचे मॅककॉर्मॅक यांनी २०१९ मध्ये ट्विटरवर व एका चित्रफितीत म्हटले, म्हणून राइट यांनी दावा लावला. अब्रूनुकसानीच्या २०१३ च्या इंग्लिश कायद्यानुसार वादीला प्रतिष्ठेची गंभीर हानी दाखवावी लागते. ती दाखवताना, या मजकुरामुळे परिषदांची निमंत्रणे रद्द झाली, असे राइट यांनी सांगितले आणि सुनावणी तोंडावर येईपर्यंत ते त्यावर ठाम राहिले. गंभीर हानी झाल्याचे न्यायमूर्ती चेंबरलेन यांनी मान्य केले, पण हानीची ही हकिकत जाणूनबुजून खोटी रचल्याचे ठरवून २०२२ मध्ये भरपाई दिली ती अवघी १ पौंड. अपिलातही २०२३ मध्ये हा आकडा कायम राहिला. राइट हे सातोशी नाहीत, असा निकाल दुसऱ्या एका खटल्यात २०२४ मध्ये लागला. १ पौंडाच्या निकालाला मात्र त्याची गरज पडली नव्हती.

याच रकमेवर थांबलेला ब्रूस ग्रोबेलार यांचा दावा वेगळ्या जातीचा आहे. ‘द सन’ या वृत्तपत्राविरुद्ध ज्यूरीने या फुटबॉल गोलरक्षकाला ८५,००० पौंड दिले होते. सामन्यात त्याने मुद्दाम गोल होऊ दिले हे सिद्ध झाले नाही, पण लाच घेतल्याचे दिसत होते. म्हणून २००२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने) रक्कम १ पौंडावर आणली आणि खर्चाचा भार त्याच्यावरच टाकला. येथे भरपाई खाल्ली ती न्यायालयात बोललेल्या खोट्याने नव्हे, तर मैदानाबाहेरच्या वर्तनाने. हा भेद अनेकदा नजरेआड होतो.

खोटे निकालानंतर उघडकीस आले, तर मिळालेली रक्कमही परत जाते. कादंबरीकार व राजकारणी जेफ्री आर्चर यांनी १९८७ मध्ये अब्रूनुकसानीच्या दाव्यात ‘डेली स्टार’ या वृत्तपत्राकडून ५ लाख पौंड मिळवले, २००१ मध्ये खोट्या साक्षीबद्दल त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली आणि २००२ मध्ये ती रक्कम, व्याज व खर्च त्यांना परत करावा लागला. प्रतिवादीचा खोटेपणा उलट दिशेने काम करतो: आरोप खोटा असल्याचे ठाऊक असूनही त्याने तो न्यायालयात रेटला, तर वादीची भरपाई वाढू शकते.

भारतात दिवाणी अब्रूनुकसानीचा स्वतंत्र कायदा नाही. महाराष्ट्रातील न्यायालयेही इंग्रजी न्यायतत्त्वे आणि सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे यांवर चालतात. पक्षकाराने स्वच्छ हातांनी यावे, हे तत्त्व येथे वारंवार सांगितले जाते. खोट्या साक्षीसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे; खोट्या किंवा त्रासदायक दाव्याबद्दल दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५-अ खाली मिळणाऱ्या भरपाईची मूळ कमाल मर्यादा मात्र ३,००० रुपये आहे.